पान लागलं, देवरुषाकडं नेलं, माणूस बरा झाला. आता घरच्यांना काय सांगू?

वारणाकाठची (ता. शिराळा)

नमस्कार. जरा सविस्तर लिहिते. थोडक्यात सांगितलं की लोक "अंधश्रद्धा" म्हणून मोकळे होतात आणि माझा प्रश्न आहे तिथंच राहतो.

पंधरा दिवसांपूर्वी आमच्या चुलत्यांना, आबांना, भाताच्या खाचरात पान लागलं, म्हणजे साप चावला. लावण चालू होती, पाय चिखलात, वेळ संध्याकाळी साडेपाचची. घोट्याच्या वर चावलं. लांबडं कुणी नीट बघितलं नाही. एक म्हणतो काळपट होतं, दुसरा म्हणतो अंगावर चौकटी होत्या. आबांना मोटारसायकलवर दोघांच्या मधे बसवलं आणि शेजारच्या वाडीतल्या देवरुषाकडं नेलं. दवाखाना त्याच रस्त्यानं पुढं आहे, पण गाडी तिथंच थांबली. त्यांनी लिंबाचा पाला चावायला दिला. आबा म्हणाले, कडू लागतोय. म्हणजे विष चढलेलं नाही, असं ठरलं. मग मंत्र, भारलेलं पाणी, पायाला दोरा. रात्रभर झोपू दिलं नाही. सकाळी आबा चालत घरी आले, चहा घेतला आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा लावणीला गेले.

मी सांगलीत नोकरीला असते. मला कळलं तेव्हा सगळं होऊन गेलेलं. फोनवर मी रागावले. आई शांतपणे म्हणाली, "तुझं विज्ञान असू दे, माणूस समोर उभा आहे ना?" मला उत्तर सुचलं नाही, आणि खरं सांगायचं तर अजून सुचलेलं नाही.

घरात धाकटा भाऊ आहे, बारा वर्षांचा, दिवसभर रानात असतो. पुढच्या वेळी कुणी दवाखान्याचं नावसुद्धा काढणार नाही, याची मला भीती वाटते. भांडण नको आहे. आबा नेमके कशानं वाचले, हे कुणी मला समजावून सांगेल का?

---

शिराळ्याचा सर्पमित्र

ताई, साप बघितल्याशिवाय खात्रीनं कुणीच सांगू नये. पण चिखल, भाताचं खाचर, अंगावर चौकटी, पायाला चावा, हे सगळं दिवडीशी जुळतं. दिवड चिडखोर असते, पटकन चावते, रक्तही येतं. विष मात्र तिला नसतं.

भारतात सापांच्या ३०० च्या आसपास जाती आहेत, त्यात विषारी साठेक. आपल्याकडं माणसं दगावतात ती मुख्यतः चौघांमुळं: नाग, मण्यार, घोणस, फुरसं. यातल्या एखाद्यानं चावा घेतला तरी तो दर वेळी विष सोडतोच असं नाही. कधी नुसते दात लागतात.

पण हे वाचून "आपल्याला दिवडच चावली असेल" असं घरबसल्या ठरवू नका. बिनविषारी कवड्या आणि मण्यार यांत भलेभले फसतात. कवड्याचे पट्टे मानेजवळ ठळक आणि शेपटीकडं पुसट होत जातात, मण्यारीचे उलटे. अंधारात, घाबरलेल्या माणसाला हे दिसणार आहे का? आणि मण्यारीचा चावा बऱ्याचदा दुखतही नाही. जमिनीवर झोपलेल्या माणसाला रात्री चावते, तो पहाटे पोटात दुखतंय म्हणून उठतो, मग पापण्या जड होतात, घास गिळवत नाही. घरचे म्हणतात पित्त झालं.

---

निवृत्त लॅबवाला, कराड

ताई, तुमच्या आईंचं म्हणणं उडवून लावू नका. त्यांनी समोरच्या माणसाकडं बोट दाखवलं, म्हणजे पुरावाच दाखवला. असं बोलणाऱ्या माणसाशी नीट बोलता येतं.

मी डॉक्टर नाही. ३१ वर्षं सातारा आणि सांगली जिल्ह्यांतल्या ग्रामीण भागात लॅब टेक्निशियन म्हणून काम केलं. उपचाराचं डॉक्टरांना विचारा. मी सांगतो ते एका काचेच्या नळीबद्दल.

पान लागलेला पेशंट आला की शिरेतून दोन मिली रक्त घ्यायचं, नव्या कोरड्या काचेच्या नळीत सोडायचं, स्टँडला लावायचं आणि घड्याळाकडं बघायचं. वीस मिनिटं. मधे हलवायचं नाही, उचलून बघायचं नाही. दारात नातेवाईक असतात, कुणी रडतंय, कुणी हात जोडतंय. (दुसरी लक्षणं स्पष्ट असतील तर डॉक्टर नळीसाठी थांबत नाहीत, हे आधीच सांगतो.) वीस मिनिटं झाली की नळी एकदाच तिरकी करायची. दही लागलंय का बघायला आपण भांडं कलतं करतो, अगदी तसं. रक्त धरलेलं असेल तर जागचं हलत नाही. घोणसेचं विष अंगात भिनलेलं असेल तर ते काचेवरून पाण्यासारखं ओघळतं. पहिल्यांदा ते बघितलं तेव्हा माझ्या पोटात खड्डा पडला होता. माणूस समोर बाकावर बसलाय, बोलतोय, पाणी मागतोय, आणि त्याचं रक्त गोठायचं विसरलंय.

पुष्कळांना वाटतं विषानं रक्त पातळ होतं. घडतं ते वेगळंच. घोणसेचं विष रक्ताला गोठायला लावतं, अंगभर, बारीक बारीक. रक्त गोठायला जे फायब्रिनोजेन लागतं ते त्यातच खर्ची पडतं. घरातलं महिन्याचं पीठ एका दुपारी उधळून टाकलं तर संध्याकाळच्या भाकरीला काय उरणार? मग हिरड्यांतून रक्त, लघवीतून रक्त, पुढं मूत्रपिंडं बंद. नाग आणि मण्यारीचं विष नसांवर जातं, तिथं ही नळी काही सांगत नाही. तिथं पापण्या आणि श्वास बघतात.

आता पाल्याचं. लिंबाचा पाला ही पण एक तपासणीच आहे. कडू लागला तर विष नाही, गोड लागला तर आहे. आपल्या वाडवडलांनीही तपासून बघायची गरज ओळखली होती, म्हणून मी त्यांना कमी लेखत नाही. पण ती तपासणी बरोबर आहे का, हे कधी कुणी तपासलं?

एक बाई आठवते. ऊस भांगलताना हाताला पान लागलेलं. रात्रभर देवरुषाकडं होती, आमच्याकडं दुसऱ्या दिवशी अकराला आणली. हात कोपरापर्यंत सुजलेला, बांगड्या कातडीत रुतलेल्या. त्या आम्ही कापून काढल्या. रक्त घेताना तिनं तोंड उघडलं तर दातांच्या फटीत हिरवा पाला, आणि हिरड्या लाल. सासू पुन्हा पुन्हा एकच सांगत होती, "साहेब, पाला कडूच लागत होता ओ." खोटं बोलत नव्हती. घोणसेचं विष रक्तात आणि मूत्रपिंडात काम करतं, कडूगोड कळण्याशी त्याचं देणंघेणं नाही. माझ्या नळीत रक्त अजिबात धरलं नव्हतं. सापाच्या विषावरची लस दिली, मोठ्या दवाखान्यात पाठवली. तिसऱ्या दिवशी गेली. त्या दिवशीची रजिस्टरमधली माझी नोंद मला अजून डोळ्यांसमोर दिसते.

तुम्ही म्हणाल, नळी कधी चुकत नाही का? चुकते. नोकरीला लागून दोन महिने झाले होते. नळ्या संपल्या म्हणून मी एक जुनी, साबणानं स्वच्छ धुतलेली वापरली. रक्त धरलं नाही. मी धावत जाऊन सांगितलं. डॉक्टरांनी पेशंटला पुन्हा बघितलं, सूज नाही, कुठं रक्त नाही. त्यांनी मला विचारलं, नळी नवी होती का? मी गप्प. पुन्हा नव्या नळीत रक्त घेतलं, वीस मिनिटांनी छान धरलेलं. काचेच्या पृष्ठभागाला लागूनच रक्त गोठायची सुरुवात होते. साबणाचा अंश राहिला की काच ते काम करत नाही. माझ्या चुकीमुळं त्या माणसाला नको असलेली लस मिळाली असती, आणि त्या लसीचीही रिॲक्शन येऊ शकते. त्या दिवसापासून मी विज्ञान म्हणजे काय हे समजलो असं मला वाटतं. आमची नळी चुकली तर ती पकडायची रीत ठरलेली होती, आणि ती रीत डॉक्टरांनी माझ्यावर वापरली. पाल्याची चूक पकडायला कुणी गेलंच नाही. चुकला की माणूस स्मशानात, आणि "वेळ आली होती" एवढंच घरी सांगितलं जातं.

तुमच्या आबांकडं येतो. आमच्या रजिस्टरला पान लागलेल्या प्रत्येकाची नोंद असे. त्यातल्या पुष्कळांच्या नळीत रक्त व्यवस्थित धरायचं, पापण्या ठीक, श्वास ठीक. त्यांना एक दिवस नजरेखाली ठेवून, लस न देताच, घरी सोडायचे. तेही चालत गेले, चहा प्यायले, दुसऱ्या दिवशी रानात गेले. त्यांच्यासाठी मंत्र कुणी म्हटला नव्हता आणि लसही कुणी टोचली नव्हती. आबा त्यांच्यातलेच असणार.

---

निवृत्त लॅबवाला, कराड

एक राहिलं, आणि ते आईंना जरूर सांगा.

१८९१ साली व्हिएतनामच्या दक्षिणेला पावसाळ्यात पूर आला आणि नाग एका गावात शिरले. पुरात जनावरं घरात येतात म्हणजे काय, हे २०१९ ला कृष्णा-वारणाकाठानं बघितलंय, मी वेगळं सांगायला नको. त्या गावात चाळीस माणसांना नाग चावले. गेले किती? चार. लस तेव्हा जगात नव्हतीच. समजा त्या चाळिसांना एकाच देवरुषाकडं नेलं असतं, तर त्याच्या नावावर छत्तीस माणसं जमा झाली असती, आणि ती छत्तीस माणसं आयुष्यभर शपथेवर सांगत राहिली असती. चौघं काही सांगायला आली नसती.

तिथं अल्बेर काल्मेत नावाचा फ्रेंच डॉक्टर होता. त्याला त्या चौघांचं पडलं होतं. तो फ्रान्सला परतला, घोड्यांना नागाचं विष अगदी थोडं थोडं टोचत गेला आणि १८९५ च्या सुमारास पहिली सर्पविषाची लस माणसांसाठी तयार झाली. आजही रीत तीच आहे. तमिळनाडूतले इरुळ लोक साप पकडतात, विष काढतात, साप रानात परत सोडतात. त्यांची सहकारी संस्था १९७८ पासून आहे. ते विष घोड्याला महिनोन्‌महिने वाढत्या मात्रेत देतात. घोड्याचं शरीर त्याच्यावर तोड तयार करतं. मग रक्तातला पातळ भाग काढून घेतात, शुद्ध करतात, वाळवून पांढरी भुकटी करतात.

मी ती बाटली कितीतरी वेळा हातात घेतली. दहा मिली पाणी घालायचं आणि हलक्या हातानं गोल फिरवायची, खळाखळा हलवली की फेस येतो. त्यातल्या एका मिलीत नागाचं ०.६ मिलीग्रॅम आणि मण्यारीचं ०.४५ मिलीग्रॅम विष निकामी करायची ताकद असते. तमिळनाडूतल्या रानातला साप, कुठल्या तबेल्यातला घोडा, आणि ते रक्त आपल्या वाळवा तालुक्यातल्या पोराच्या शिरेत. लस सुरू केली की सहा तासांनी मी पुन्हा नळी लावायचो, कारण विष अडवल्यावर यकृताला नवं फायब्रिनोजेन बनवायला तेवढा वेळ लागतो. पहाटे तीनला नळी कलती केली आणि रक्त जागचं हललं नाही, की मी ती नळी घेऊन वॉर्डात जायचो, नातेवाइकांना दाखवायला. नियमात बसत नसेल, पण दाखवायचो. शेवटच्या वर्षीसुद्धा अंगावर काटा यायचा.

---

ऊस आणि हळद

लॅबवाले काका, मनापासून लिहिलंय तुम्ही. पण एक बाजू राहिली. आमच्या गावापासून लस मिळेल असा दवाखाना २८ किलोमीटर. रात्री एस.टी. नाही. एकदा माझ्या वडिलांना घेऊन गेलो तर तिथं लस संपलेली, तिथून पुढं पाठवलं. देवरुषी हाकेच्या अंतरावर, पैसे मागत नाही, माणसाच्या डोक्यावर हात ठेवतो, रात्रभर सोबत जागतो. दवाखान्यात आमच्याशी कुणी धड बोललंही नव्हतं. लोक अडाणी आहेत म्हणून तिकडं जातात, हे अर्धंच खरं आहे.

---

निवृत्त लॅबवाला, कराड

दादा, तुमचं म्हणणं मला मान्य आहे, आणि ते लिहिलंत ते बरं केलंत. लस संपलेली मीही बघितली आहे, आणि पेशंटवर खेकसणारी माणसंही बघितली आहेत. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानं हिशोब मांडला, की २००० ते २०१९ या वीस वर्षांत देशात सर्पदंशानं १२ लाख माणसं गेली, वर्षाला सरासरी ५८ हजार. जवळपास सगळी खेड्यातली. एवढी माणसं शहरात गेली असती तर लस कुठंच संपली नसती.

म्हणून देवरुषाशी वैर धरू नका असं मी सांगत आलो. आमच्या भागातल्या एकाला मी स्वतः जाऊन भेटलो. म्हटलं, डोक्यावर हात ठेवा, धीर द्या, पण गाडीत बसवून द्या, थांबवू नका. तो ऐकला. धीर देणं हे खोटं काम नाही; घाबरून पळणाऱ्या माणसापेक्षा शांत पडून राहिलेला बरा. हात-पाय हलू न देता फळीनं आधार द्यायचा, अंगठी-बांगड्या-जोडवी सूज यायच्या आत काढायची. करकचून दोरी नको, ब्लेड नको, तोंडानं ओढणं नको. १०८ ला फोन, आणि निघताना दवाखान्यात फोन करून लस आहे का विचारायचं. तेवढ्यानं तो २८ किलोमीटरचा हेलपाटा तरी चुकतो.

---

शिराळ्याचा सर्पमित्र

यात भर घालतो. पान लागलेल्या, विंचू किंवा कुत्रं चावलेल्या माणसाला दवाखान्यात जाण्यापासून रोखून मंत्रतंत्र, गंडेदोरे करणं हा २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हा आहे. हा कायदा व्हावा म्हणून आपल्या साताऱ्याचे डॉ. नरेंद्र दाभोलकर वर्षानुवर्षं झटले. २० ऑगस्ट २०१३ ला त्यांचा खून झाला, त्यानंतर काही दिवसांतच सरकारनं वटहुकूम काढला.

आणि भावासाठी एक: जमिनीवर झोपत असेल तर मच्छरदाणी लावा आणि कडा अंथरुणाखाली चारी बाजूंनी खोचा. मण्यारीला एवढं पुरतं.

---

मेडिकलवाला, सांगली

आईंना ब्लड प्रेशरची गोळी चालू आहे का? रामिप्रिल, एनालाप्रिल अशी "प्रिल" नं संपणारी असेल तर त्या गोळीचं मूळ सापाच्या विषात आहे. ब्राझीलमधल्या जराराका नावाच्या सापाचं विष रक्तदाब एकदम कसा पाडतं, हे शोधता शोधता कॅप्टोप्रिल हे त्या घराण्यातलं पहिलं औषध निघालं, १९८१ साली ते अमेरिकेत मंजूर झालं. माझ्या दुकानातून रोज कितीतरी पाकिटं जातात. घेणाऱ्याला हे सांगितलं की हातातल्या पाकिटाकडं पुन्हा एकदा बघतो.

---

वारणाकाठची (ता. शिराळा)

सगळ्यांचे आभार. शनिवारी घरी गेले आणि हे सगळं आईला, आबांना मोठ्यानं वाचून दाखवलं. आईची गोळी रामिप्रिलच निघाली. तिनं पाकीट चष्मा लावून वाचलं आणि फडताळात परत ठेवलं.

चाळिसातले चार ऐकून आबा म्हणाले, "म्हणजे मी छत्तिसातला." मी हो म्हटलं. ते बराच वेळ पायाकडं बघत बसले. दोरा अजून पायात आहे, मी काढा म्हटलं नाही. पण पुढच्या वेळी गाडी थेट दवाखान्यात न्यायची, हे त्यांनी माझ्यासमोर भावाला सांगितलं. मच्छरदाणी आणली आहे.

आई देवरुषाबद्दल काहीच बोलली नाही. रात्री भांडी घासताना एकदम विचारलं, "त्या बाईला लेकरं होती का गं?" काका, तुम्हाला आठवत असेल तर सांगा.

---

एक सिस्टर, जत

मी प्राथमिक आरोग्य केंद्रात आहे. काका, आमच्याकडं सध्या प्लास्टिकच्या नळ्या येतात, आणि काचेच्या जुन्या थोड्या आहेत त्या धुऊन ठेवलेल्या. त्यांत ही टेस्ट लावली तर चालेल का?

---

निवृत्त लॅबवाला, कराड

ताई, आईंना सांगा, दोन होती. धाकटं कडेवर होतं, आजीच्या.

सिस्टर, नको. प्लास्टिकमध्ये रक्त वेळेत धरत नाही, आणि धुतलेल्या काचेचं मी वर लिहिलंच आहे. दोन्हीकडं विष नसताना आहे असं दिसेल. मेडिकल ऑफिसरांना सांगून नव्या, साध्या, आत कुठलंही औषध नसलेल्या काचेच्या नळ्या मागवून घ्या, आणि त्यातल्या पाच-सहा वेगळ्या डब्यात घालून वर "फक्त सर्पदंश" अशी चिठ्ठी लावा. डबा फ्रीजमध्ये नको. पहिली नळी आली की स्वतःचं रक्त घेऊन एकदा लावून बघा, वीस मिनिटांत धरायला हवं. नाही धरलं तर ती खेप परत पाठवा.